ट्यूबिंगला पहिल्यांदा जाताय? आधी बाहेर पडायची जागा ठरवा

हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसायचं, पाय वर टाकायचे आणि नदी नेईल तिकडं जायचं, एवढंच तर आहे, ह्याला गाईड कशाला पाहिजे, असं मलापण वाटायचं. पहिल्या ट्रिपला आम्ही सहा जण होतो आणि पंपापासून खाण्यापर्यंत सगळ्याची लिस्ट केलेली, फक्त बाहेर कुठं पडायचं ते कुणी जाऊन बघितलंच नव्हतं. "दिसेल की जागा" म्हणून निघालो. जागा दिसली पण, फक्त ती दिसली तेव्हा आम्ही धारेच्या पलीकडच्या बाजूला होतो आणि कितीही हात मारले तरी ती मागं मागंच जात राहिली. पुढं दीड तास नुसता उभा काठ, झुडपं आणि चिखल. शेवटी एका ठिकाणी कसेबसे वर चढलो आणि डोक्यावर ट्यूब घेऊन ओल्या चपलांनी चालत परत आलो, अंधार पडत आला होता. कुणाला काही लागलं नाही, पण तेव्हापासून माझं प्लॅनिंग शेवटाकडून सुरू होतं, आणि हे खालचं सगळं त्याच क्रमाने आहे.

स्टेप १: नदीचा कुठला तुकडा, ते ठरवा

पूर्ण नदी कधीच ट्यूबिंगची नसते, तिचा एखादा तुकडा असतो. पहिल्या वेळेला तुम्हाला पाहिजे तो संथ तुकडा, जिथं पाणी चालत्या माणसापेक्षा हळू जातंय, कमरेएवढं खोल आहे, मधे मधे थोडा खळाळ आहे पण पांढरा फेस उसळत नाहीये. नद्यांच्या अवघडपणाचे १ ते ६ असे क्लास असतात, राफ्टिंगवाले तेच वापरतात. क्लास १ म्हणजे सरळ वाहतं पाणी आणि बारीक लाटा. नवख्यांनी ट्यूब घेऊन क्लास १ च्या पुढं जाऊच नये असं माझं मत आहे, कारण ट्यूबला ना सुकाणू ना ब्रेक, राफ्टवाला वल्हं मारून दगड चुकवतो, तुम्ही फक्त दगडाकडं बघत बसता.

जिथं आधीपासून लोक ट्यूबिंग करतात तो तुकडा घ्या. "ही नदी पण मस्त दिसतेय, इथं कुणी जात नाही" हे पहिल्या ट्रिपला नको. कुणी जात नाही त्याला बऱ्याचदा कारण असतं आणि ते पाण्याखाली असतं. काठावर राहणाऱ्या, मासे धरणाऱ्या माणसाला विचारा, तो दोन मिनिटांत सांगतो कुठं डोह आहे, कुठं झाड पडलंय. त्याला एकच प्रश्न विचारला तरी चालेल: "इथून खाली कुठं बंधारा आहे का?"

बंधाऱ्याबद्दल इथंच सांगतो, कारण ट्यूबवाल्यांसाठी नदीवरची सगळ्यात वाईट गोष्ट ती आहे. दोन-तीन फुटांचा बुटका बंधारा वरून बघितला तर काहीच वाटत नाही, पाण्यातून येताना तर तो दिसतच नाही, समोर फक्त एक सरळ रेघ दिसते आणि त्याच्यापुढं पाणी गायब. पण खाली पडलेलं पाणी तिथंच गोल फिरत राहतं आणि पडलेल्या माणसाला परत परत बंधाऱ्याच्या भिंतीकडं ओढतं. लाइफ जॅकेट घातलेला माणूसपण त्यातून सुटेलच असं नाही. म्हणून तुमच्या तुकड्यात बंधारा असेल तर तुकडा बदला, किंवा बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी बाहेर पडा आणि ट्यूब उचलून काठाने पलीकडं जा. ह्यात तिसरा पर्याय नाही.

वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते शोधून काढा. तुमच्या डोक्यावर कडक ऊन असलं तरी काही तास आधी वरच्या डोंगरात पाऊस झालेला असू शकतो आणि ते पाणी तुमच्यापर्यंत यायचं असतं. पाणी चढायला लागल्याच्या खुणा: स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं, काटक्या पाला वाहत यायला लागतो, आवाज वाढतो, मघाशी कोरडे असलेले गोटे ओले दिसतात. ह्यातलं काहीही दिसलं की चर्चा नको, काठावर. दोन दिवसांपूर्वी मोठा पाऊस झाला असेल तर ट्रिप पुढं ढकला, पाण्याला ओढ पण जास्त असते आणि घाणपण वाहून आलेली असते.

स्टेप २: बाहेर पडायची जागा

ही जागा पायाने जाऊन बघायची. मॅपवर नाही. मॅपवर काठ सपाट दिसतो, प्रत्यक्षात तो डोक्याएवढा उभा असतो. चांगली जागा म्हणजे काठ उतरता पाहिजे, शेवटचे पाच-दहा फूट पाणी गुडघ्याच्या खाली पाहिजे, तिथं धार जोरात नको, आणि शक्यतो वळणाच्या आतल्या बाजूला. नदी वळते तेव्हा जोराचं आणि खोल पाणी बाहेरच्या बाजूने जातं, आतल्या बाजूला वाळू साठते आणि पाणी मंद होतं, त्यामुळं आतली बाजू म्हणजे नदीने स्वतःच करून दिलेली पायरी.

जागा सापडली की तिथं उभं राहून वरच्या बाजूला बघा, म्हणजे येताना तुम्हाला काय दिसणार आहे ते. त्या जागेच्या साधारण दोनशे मीटर आधी एखादी ठळक खूण शोधा: पूल, मोठा खडक, वाकडं झाड, काहीही. ग्रुपमध्ये सगळ्यांना तीच खूण माहीत पाहिजे, "तो खडक दिसला की सगळ्यांनी डाव्या काठाला यायला लागायचं". डावा म्हणजे कुणाचा डावा हेपण ठरवा. नदीवर डावं-उजवं नेहमी पाणी जातंय तिकडं तोंड करून मोजतात. ट्यूबमध्ये बसलेला माणूस गोल फिरत असतो, त्याचा स्वतःचा डावा हात दर मिनिटाला बदलतो. काठावर रंगीत कापड बांधून ठेवलं तर अजून सोपं, फक्त जाताना सोडून घ्या.

ती जागा चुकली तर पुढं काय आहे, हेपण बघून ठेवायचं. पुढं अर्ध्या किलोमीटरवर दुसरी जागा असेल तर टेन्शन नाही. पण पुढं बंधारा किंवा खडकाळ उतार असेल तर ती जागा वापरूच नका, त्याच्या वरची वापरा.

आता वेळेचं गणित. एक काटकी पाण्यात टाका आणि काठाने १० मीटर अंतर कापायला तिला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. २० सेकंद लागले तर वेग झाला ताशी १.८ किलोमीटर. म्हणजे ५ किलोमीटरचा तुकडा पार करायला पावणेतीन तास, आणि हे कुठंही न थांबता. नवीन लोक इथं हमखास फसतात, कारण गाडीने ५ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. त्यात रस्त्याचं अंतर आणि नदीचं अंतर वेगळं, नदी वळसे घेत जाते, म्हणून मॅपवर नदीच्या वळणांवरून बोट फिरवून मोजा. समोरून वारा असेल तर ट्यूब जवळजवळ उभीच राहते, ती पाण्यात कमी आणि हवेत जास्त असते ना. पहिल्यांदा दोन तासांचा हिशोब धरा, तो आपोआप तीन तासांचा होतो. आणि अंधार पडायच्या किमान तीन तास आधी बाहेर निघायची वेळ येईल अशी सुरुवात करा.

स्टेप ३: गाड्या

नदी परत आणून सोडत नाही, त्यामुळं दोन गाड्या लागतात. आधी सगळ्यांनी दोन्ही गाड्या घेऊन वर, म्हणजे पाण्यात उतरायच्या जागेला जायचं, माणसं आणि सामान तिथं उतरवायचं, मग दोन ड्रायव्हर दोन्ही गाड्या घेऊन खाली जातात, एक गाडी खालच्या जागेवर लावतात आणि दुसऱ्या गाडीतून दोघं वर येतात. तोपर्यंत बाकीच्यांनी ट्यूबा फुगवायच्या. शेवटी खालच्या गाडीत बसून वरची गाडी आणायला जायचं. कळायला सोपं आहे.

चुकतं ते किल्लीचं. खालच्या गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या पँटच्या खिशात असते, ती पँट तो वर आल्यावर बदलतो आणि वरच्या गाडीत ठेवून चड्डीवर पाण्यात उतरतो. तीन तासांनी खाली पोचल्यावर सगळे थंडीने कुडकुडत खालच्या गाडीभोवती उभे राहतात आणि मग तो खिसे चाचपतो, जे त्याला नाहीतच. हा किस्सा ट्यूबिंग केलेल्या प्रत्येक ग्रुपकडं आहे, आमच्याकडं दोन आहेत. उपाय एकच, पाण्यात उतरायच्या आधी खालच्या गाडीची किल्ली हातात धरून सगळ्यांना दाखवायची आणि सगळ्यांसमोर ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत टाकायची. रिमोटवाली किल्ली असेल तर आधी झिपच्या पिशवीत, मग ड्राय बॅगमध्ये, भिजली की ती गाडी उघडेल का नाही सांगता येत नाही. कोरडे कपडे, टॉवेल आणि जास्तीचं पाणी खालच्या गाडीत पाहिजे, वरच्या नाही. हेपण लोक उलटं करतात.

जिथं ट्यूब भाड्याने मिळतात तिथं बऱ्याचदा नेण्या-आणण्याची सोयपण तेच करतात. पहिल्यांदा जात असाल तर सरळ तेच करा. फक्त शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारून घ्या.

स्टेप ४: ट्यूब

ट्रकच्या टायरमधली काळी रबरी ट्यूब अजूनही भारी चालते, दगडाला घासली तरी सहज फाटत नाही. पण तिचे दोन त्रास. एक म्हणजे तिचा धातूचा वॉल्व आतल्या बाजूला बाहेर आलेला असतो आणि तो बरोबर मांडीला किंवा पाठीला टोचतो, ओरबाडतो. त्याच्यावर जुनं कापड गुंडाळून वरून जाड चिकटपट्टी मारा आणि बसताना ती बाजू पाण्याकडं ठेवा. दुसरा म्हणजे काळं रबर उन्हात इतकं तापतं की बसल्या बसल्या ओरडाल, म्हणून बसायच्या आधी पाणी मारायचं.

पीव्हीसीच्या फुगवायच्या ट्यूबा हलक्या असतात, तळाला जाळी असते, पाठ टेकायला जागा, हँडल, कपहोल्डर. आरामाला ह्याच चांगल्या. पण स्विमिंग पूलसाठीच्या पातळ रंगीबेरंगी असतात, ते प्राणी-बिणी, फळांचे आकार, त्या नदीवर आणू नका, पहिल्या खडकावर संपतात. नदीसाठीची ट्यूब हाताला जाड लागते, हँडल नुसतं चिकटवलेलं नसतं आणि हवेचे कप्पे एकापेक्षा जास्त असतात, म्हणजे एक फुटला तरी तुम्ही पाण्यावर राहता.

फुगवताना एक लक्षात ठेवा, उन्हात टणक फुगवलेली ट्यूब अजून तापली की हवा प्रसरण पावते आणि शिवण उसवते, आणि तीच ट्यूब थंड पाण्यात टाकली की सैल पडते, मग लोकांना वाटतं पँचर झाली. म्हणून काठावर थोडी सैलसर फुगवायची, पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, मग पाहिजे तर वरून हवा भरायची. तोंडाने फुगवायच्या भानगडीत पडू नका, चार ट्यूबांमध्ये चक्कर येते, पायाचा किंवा गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप आणा. पॅच आणि सोल्युशन ड्राय बॅगमध्ये, घरी टेबलावर नाही.

स्टेप ५: अंगावर काय, बरोबर काय

लाइफ जॅकेट. पोहता येत असलं तरी. मला माहितीये संथ पाण्यात ते घालून बसायला कसंतरीच वाटतं, फोटो चांगले येत नाहीत, गरम होतं. पण ट्यूब हे खेळणं आहे, ती उलटली की तुमच्या हातातून सुटून पुढं निघून जाते आणि तुमच्याकडं जे राहतं ते फक्त अंगावरचं. जॅकेटवर ५० किंवा १०० असा आकडा लिहिलेला असतो, तो किती न्यूटनचा उचल देतं त्याचा. चांगलं पोहणाऱ्याला ५० चालतं, पोहता न येणाऱ्याला १०० द्या. घातल्यावर दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून बघायचं, जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पट्टे आवळा.

पायात मागं पट्टा असलेलं सँडल किंवा जुने बूट. साधी चप्पल पहिल्या चिखलात जाते, आणि अनवाणी तर नकोच, गोट्यांवर शेवाळ असतं आणि मधे काचा पण असतात, आपल्यासारख्यांनीच टाकलेल्या.

ऊन फसवतं. पाण्यावर गार वाटतं आणि ट्यूबमध्ये आपण तीन तास एकाच पोझमध्ये असतो, त्यामुळं गुडघे, मांड्या आणि पायाचा वरचा भाग भाजून निघतो, जिथं सनस्क्रीन लावायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. एसपीएफ ३० च्या वरचं, वॉटर रेझिस्टंट, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी आणि मग दर दोन तासांनी परत. पातळ फुल बाह्यांचा टीशर्ट आणि टोपी घातली तर अर्धं काम होतं. चष्म्याला मागून दोरी.

मोबाईलची वॉटरप्रूफ पिशवी आणली की आधी तिच्यात टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास दगडाखाली बुडवून ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तरच मोबाईल. ग्रुपमध्ये एकच मोबाईल नेला तरी पुरतो, बाकीचे गाडीत राहू देत, खरंच काही होत नाही.

बाकी फटाफट: प्यायचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट, खाणं डब्यात, प्रत्येकाला शिट्टी, थोडं फर्स्ट एड, कचऱ्याची पिशवी. काचेची बाटली कुणीच आणायची नाही. हे सगळं एका जास्तीच्या ट्यूबवर ठेवता येतं, पण झाकण घट्ट लावून आणि जाळीत बांधून, कारण ती ट्यूब एकदा तरी उलटणार हे धरून चाला.

स्टेप ६: माणसं

चार ते आठ जण बरे. एकजण सगळ्यात पुढं, ज्याने बाहेर पडायची जागा बघितलीये, आणि एकजण सगळ्यात मागं, जो नीट पोहतो आणि ज्याला मागं राहायचा कंटाळा नाही. पुढच्याच्या पुढं कुणी जायचं नाही आणि मागच्याच्या मागं कुणी राहायचं नाही, बस, एवढाच नियम. शिट्टी एकदा म्हणजे "इकडं बघा", तीनदा म्हणजे "मदत पाहिजे". कारण पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, चाळीस फुटांवरून पण नाही.

ज्याला पोहता येत नाही त्याला आणावं का? क्लास १ च्या तुकड्यात, १०० चं जॅकेट घालून, त्याच्या शेजारी एक पोहणारा ठेवून, हो. पण त्याला स्वतःला यायचंय का ते एकट्याला बाजूला घेऊन विचारा, ग्रुपमध्ये विचारलं तर माणूस लाजेने हो म्हणतो.

दारू. लाओसमध्ये वांग व्हियांग नावाचं गाव आहे, नाम सोंग नदीवरच्या ट्यूबिंगसाठी जगभरात फेमस, तिथं नदीकाठीच बार होते, लोक ट्यूबमधून उतरून पीत पीत पुढं जायचे. इतके मृत्यू झाले की २०१२ मध्ये तिथल्या सरकारने ते बार बंद करायला लावले. तीच नदी, त्याच ट्यूबा. पिऊन माणूस जास्त वेळ थंडीत राहतो आणि त्याला कळत नाही, उलटल्यावर वर कुठं खाली कुठं ते समजायला वेळ लागतो, आणि उन्हात डिहायड्रेशन वेगळंच. संध्याकाळी गाडी चालवायचीये हे तर राहिलंच. नंतर काय ते करा.

स्टेप ७: पाण्यात

गुडघाभर पाण्यात ट्यूब धरून उभं राहायचं, पाठ ट्यूबकडं करायची आणि सरळ बसायचं, उडी नाही. बूड भोकात, पाय आणि पाठ कडेवर. वळवायचं असेल तर दोन्ही हात पाठीमागून पुढं, होडी उलटी वल्हवल्यासारखे मारायचे, म्हणजे तुम्ही पाठीच्या दिशेने जाता. जिकडं जायचंय तिकडं पाठ करायची, हे डोक्यात बसायला दहा मिनिटं जातात आणि तोपर्यंत सगळे एकमेकांवर आपटत असतात, ते चालायचंच. पहिली दहा मिनिटं संथ पाण्यात सगळ्यांनी एका काठावरून दुसऱ्या काठाला जाऊन दाखवायचं. ज्याला ते जमलं नाही त्याला बाहेर पडायची जागापण गाठता येणार नाही.

उथळ खळाळ आला की पुढच्याने ओरडायचं "बुडं वर!" आणि सगळ्यांनी पोट ताणून वर उचलायचं. हसायला येतं, पण ज्याने उचललं नाही त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीवर बसताना आठवतं.

ट्यूबा दोरीने एकत्र बांधायचा मोह सगळ्यांना होतो, गप्पा मारता येतात ना. मोठ्या संथ डोहात एकत्र राहणं ठीक आहे, पण तिथंपण बांधू नका, एकमेकांच्या ट्यूबवर पाय टाकून किंवा हँडल धरून राहा, सोडायचं म्हटलं की एका सेकंदात सुटतं. बांधलेली दोरी वाहत्या पाण्यात झाडाला किंवा पुलाच्या खांबाला मधोमध अडकते, अर्धे डावीकडून अर्धे उजवीकडून, आणि मागचं पाणी सगळ्यांना दाबत राहतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिथं गाठ सुटत नाही. आणि दोरी मनगटाला, पायाला, जॅकेटला कधीच बांधायची नाही.

आता पाणी वाचायचं कसं. समोर पाण्यावर व्ही आकार दिसतो. त्याचं टोक खालच्या बाजूला, म्हणजे तुम्ही चाललाय तिकडं असेल, तर दोन अडथळ्यांच्या मधून वाट मोकळी आहे, तिथूनच जा. टोक वरच्या बाजूला, तुमच्याकडं असेल तर त्या टोकाला पाण्याखाली दगड बसलाय. वळणावर बाहेरच्या बाजूला झाडं पडलेली किंवा वाकलेली असतात आणि धार तुम्हाला बरोबर तिकडंच नेते, त्यामुळं वळण दिसलं की आधीपासूनच आतल्या बाजूला हात मारायला लागा. पाण्यात पडलेलं झाड दगडापेक्षा वाईट. दगडाला पाणी वळसा घालतं आणि तुम्हालापण बरोबर नेतं, झाडाच्या फांद्यांतून मात्र पाणी आरपार जातं आणि माणूस चहाच्या गाळणीतल्या पावडरीसारखा आत अडकतो.

स्टेप ८: उलटलात तर

पडणार, कधीतरी. पाणी थंड असेल, १५ अंशांच्या खाली, तर पहिल्यांदा श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तेव्हा तोंड पाण्याबाहेर पाहिजे, बाकी काही करू नका, मिनिटभरात श्वास ताब्यात येतो. मग पाठीवर व्हायचं, पाय पुढं म्हणजे खालच्या बाजूला, पायाची बोटं पाण्याच्या वर, गुडघे थोडे वाकवून, आणि हाताने मारत तिरकं काठाकडं. दगड आला तर पायाने ढकलायचा.

वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पडल्यावर सगळ्यात आधी तेच करावंसं वाटतं आणि चूक तीच आहे. पाय दोन गोट्यांच्या फटीत अडकतो आणि मागून पाणी तुम्हाला पुढं पाडतं, कमरेएवढ्या पाण्यातपण माणूस बुडतो तो असा. पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत, बूड तळाला लागेपर्यंत, आडवंच राहायचं.

पाठीवर, पाय पुढं ठेवायला एकच अपवाद, समोर पडलेलं झाड आलं आणि चुकवता येत नाही. तेव्हा पालथं व्हा, डोकं पुढं, त्याच्याकडं जोरात पोहत जा आणि अंगाने त्याच्या वर चढा. पाय आधी गेले तर झाडाखाली ओढले जाल.

दुसरा कुणी पडला तर उडी मारून मागं जाऊ नका. आधी आवाज द्या, मग हात नाही तर काठी, वल्हं किंवा रिकामी ट्यूब पुढं करा, लांब असेल तर दोरी फेका. ह्याचसाठी सुटी दोरी बरोबर असते, ट्यूबा बांधायला नाही. आणि ट्यूब, टोपी, चप्पल वाहून गेली तर जाऊ दे.

गडगडाट ऐकू आला की काठावर, आणि शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटं थांबून मगच परत पाण्यात. उंच एकट्या झाडाखाली उभं राहू नका. कुणी थरथरायला लागलं, शब्द अडखळायला लागले, तर त्याची ट्रिप तिथं संपली, बाहेर काढून ओले कपडे उतरवा, कोरडं गुंडाळा. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणून कडक उन्हातपण हे होतं, आणि बारीक माणसांना आणि लहान मुलांना आधी होतं.

स्टेप ९: बाहेर

ठरलेली खूण दिसली की गप्पा बंद, सगळे काठाकडं. लवकर वाटलं तरी चालेल, काठाने हळू हळू तरंगत शेवटचे दोनशे मीटर जायला काय हरकत आहे. पुढचा आधी उतरतो आणि पाण्यात गुडघाभर उभा राहून मागून येणाऱ्यांच्या ट्यूबचं हँडल पकडतो, एकावेळी एकच. उतरताना खोली हाताने चाचपा, मगच पाय टाका. तीन तास बसून पाय बधिर झालेले असतात, पटकन उभं राहिलं की काठावरच घसरून पडतात लोक, नदीत काही न होता.

वर आल्यावर आधी माणसं मोजा, मग ट्यूबा, मग कचऱ्याची पिशवी. दोन ड्रायव्हरनी कोरडे कपडे घालून लगेच वरची गाडी आणायला जायचं, बाकीच्यांनी हवा काढायची. ट्यूब जमिनीवर टाका, वॉल्व उघडा आणि तिच्यावरच आडवे पडा, गाडी येईपर्यंत ती तुमच्या वजनाने आपोआप सपाट होते. घरी गेल्यावर मात्र ती तशीच घडी करून माळ्यावर टाकू नका, आतून-बाहेरून धुवून सावलीत वाळवा, नाहीतर पुढच्या वेळी उघडल्यावर जो वास येतो ना, तो गाडीतून आठवडाभर जात नाही.